सहा लाट्या, ओल्या फडक्याखाली

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांची पंचाहत्तरी होऊन आज अकरा दिवस झाले. भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गावी पोचले, पण माझं मन अजून त्या दुपारी तीन वाजताच्या स्वयंपाकघरात अडकलंय. तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "पुरे गं, आधी चहा टाक" म्हणून उडवून लावता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नातू वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या मुंजीत काय झालं ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. नाव घेणार नाही, पण त्या केटररने २०० ताटांची गॅरंटी लिहून घेतली होती. "तुम्ही फक्त मिरवा मॅडम, कमी पडलं तर मला विचारा," असं छातीठोक सांगितलं होतं. बुफेत चौदा पदार्थ. दीड वाजता पुऱ्या संपल्या, पावणेदोनला गोड संपलं. नंतर मोजली तर ताटं १८३ निघाली. विचारायला गेले तर म्हणे तुमचे लोक फार खातात. नूडल्स आणि चाट मात्र तीन टब भरून उरलं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला म्हणून मिरवणारं आपलं इंदूर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडीवाल्यासमोर तो ओला कचरा ओतताना माझी मान वर होईना. पण खरी जखम ती नव्हती. आई दिवसभर दारात उभी राहून सगळ्यांना "जेवलात ना?" विचारत होती, आणि ती स्वतः ताट घेऊन गेली तेव्हा तिथे कोशिंबीर आणि पापडाचा चुरा होता. रात्री घरी येऊन तिने दुधात पोळी कुस्करून खाल्ली. नातवाच्या मुंजीत, आजीने.

म्हणून या वेळी बाबांचं करायचं ठरलं तेव्हा मला उत्साहापेक्षा धास्तीच जास्त होती. हातात २० हजार. घर एका पगारावर चाललेलं. दोन ठिकाणी विचारलं; दोघांनीही कमीत कमी दीडशे ताटांचा आकडा पुढे केला, ३५० रुपये ताट. म्हणजे साडेबावन्न हजार, आणि तेही न येणाऱ्या माणसांच्या जेवणाचे. नातेवाइकांनी सल्ले पुष्कळ दिले, यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

तुम्ही रामबागेत पस्तीस वर्षं खाणावळ चालवलीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी तुमच्याकडे यायला मला आठ दिवस लागले, याची लाज वाटते. आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो किती माणसं हा नव्हता. "कोण कोण येणारेत?" म्हणालात. मी यादी वाचत गेले आणि तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत गेलात. सत्तरीच्या पुढचे किती, दहाच्या आतली पोरं किती, बाहेरगावचे किती, साखर असलेले किती. १४० निमंत्रणांचे १०५ झाले. मग त्याखाली तुम्ही आणखी तीन ओळी लिहिल्यात. घरचे ७. वाढपी आणि मदतीची मुलं ६. भांडी घासायला येणाऱ्या २. एकूण १२०.

काकू, तुम्हाला ते इतकं सहज वाटलं की तुम्ही वरही बघितलं नाहीत. मी मात्र त्या ओळींकडे बघत बसले. आजवर आमच्या घरच्या कुठल्याच कार्याच्या हिशोबात भांडी घासणाऱ्या बायकांचं पान मी पाहिलेलं नव्हतं.

पुढचं गणित तुम्हाला तोंडपाठ होतं. माणशी सरासरी पाच पुऱ्या, थंडी आहे म्हणून पाच, एरवी चार धरल्या असत्या. किलोभर कणकेच्या पन्नासेक पुऱ्या, म्हणजे १२ किलो. सुरुवातीचा मूदभर वरणभात अडीच किलो तांदळाचा, मसालेभात ६ किलोचा. बटाटे १० किलो. मटकी ३ किलोच, कारण मोड आले की दुपटीच्या वर जाते. दही ६ किलो, तिप्पट मठ्ठा होतो. लिंबं १५, एकेकाच्या आठ फोडी. मी श्रीखंड म्हणाले तर तुम्ही मान हलवलीत. जानेवारीत म्हाताऱ्यांचे घसे धरतात आणि गाजर आता मातीमोल आहे, ९ किलो गाजरांचा हलवा सगळ्यांना पुरेल. मी पनीरची भाजीही वाढवू म्हटलं, तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून लावलंय: दुसरी भाजी वाढली म्हणून माणसाचं पोट वाढत नाही, फक्त दोन्ही भाज्या उरतात.

आणि राखीव. मला वाटत होतं, भीती असेल तर सगळं थोडं थोडं जास्तच शिजवावं. तुम्ही म्हणालात, "भीतीपोटी शिजवलेलं उकिरड्यावर जातं. जास्तीचं घ्यायचं, पण कच्चं ठेवायचं." कणीक, तांदूळ, बटाटे एका पिशवीत बाजूला. मसालेभातसुद्धा आधी चारच किलोचा, दोन किलोचं दुसरं पातेलं पहिली पंगत उठताना चढवायचं. लागलं नाही तर तांदूळ घरच्या डब्यात.

सियागंजातून किराणा आणला, भल्या पहाटे चोइथराम मंडीतून गाजर-मटार आणले. आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात गाजरं किसायला बसलो ते मला जन्मभर आठवेल. चार किसण्या, सहा बायका, तुम्ही मधोमध पाट घेऊन. तुमची बोटं केशरी झाली होती आणि शेवटचा तुकडा किसणीवर न घासता तुम्ही पोरांच्या हातात देत होतात. हलवा रात्रीच आटला. गल्लीभर वास.

कार्याच्या दिवशीचं सगळं सांगत नाही, ज्यांनी जेवलंय त्यांना ठाऊक आहे. पंगतच घेतलीत हे बरं केलंत. पहिल्या वाढीत ताट भरू नका, आग्रह दुसऱ्या फेरीत करा, पोट काय म्हणतंय ते तोवर माणसाला कळलेलं असतं, हे तुम्ही वाढणाऱ्या मुलांना इतकं प्रेमाने सांगितलंत की माझा भाऊसुद्धा शहाण्यासारखा वाढत होता. देवासहून बाबांचे जुने सहकारी न कळवता आले, नऊ जण. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही फक्त म्हणालात, "ती पिशवी आण." दुसरं पातेलं तर आधीच चुलीवर होतं.

आणि मग तीन वाजले.

सगळे उठले होते. आई नेहमीसारखी पाण्याचे पेले गोळा करत होती. तुम्ही तिचा हात धरून तिला आत आणलंत, पाटावर बसवलंत आणि फडताळातून एक झाकलेलं ताट काढलंत. हलवा, भाजी, उसळ, मूद, लिंबाची फोड, सगळं आपापल्या जागी. पहिली पंगत बसायच्या आधीच ते वाढून ठेवलं होतंत, मुलांना बजावलं होतंत की याला कुणी हात लावायचा नाही. ताटात पुऱ्या मात्र नव्हत्या. माझ्या काळजात चर्र झालं, पुन्हा पुऱ्याच संपल्या की काय. तेवढ्यात तुम्ही परातीतलं ओलं फडकं उचललंत. खाली सहा लाट्या होत्या.

कढई परत तापली. एकेक पुरी टम्म फुगून वर आली की झाऱ्यावर निथळून थेट आईच्या ताटात. आई म्हणत होती, "अहो, गार चालली असती मला." तुम्ही म्हणालात, "वहिनी, गार तुम्ही पन्नास वर्षं खाल्लीत."

आई रडली, मीही रडले. तुम्ही पुढची पुरी सोडलीत.

त्यानंतर भांडी घासणाऱ्या दोघी बसल्या, त्याच पाटांवर, तसंच भरलेलं ताट घेऊन. मग मुलं. सगळ्यांत शेवटी तुम्ही. सगळा खर्च १६ हजारांच्या आत बसला, ओल्या कचऱ्याची अर्धी बादलीसुद्धा भरली नाही, आणि या दोन गोष्टींचं कौतुक लोक करतात ते योग्यच आहे. पण माझ्यासाठी त्या कॅलेंडरच्या पानावरच्या शेवटच्या तीन ओळी हाच सगळा स्वयंपाक होता. त्या केटररला आकडेमोड येत नव्हती असं थोडंच आहे? पैसे त्याने चोख मोजले होते. शेवटी कोण जेवणार आहे हे मात्र त्याने मनात आणलं नव्हतं. अशी माणसं खूप भेटतात, म्हणून तुमच्यासारखं कुणी भेटलं की जीव थाऱ्यावर येतो. मोठी भाषा न करता, कुणाला न दाखवता, फडक्याखाली लाट्या झाकून ठेवणारी माणसं आपल्या गल्लीत आहेत, एवढ्यावर मला रात्री शांत झोप लागते.

पैसे घ्यायला तुम्ही नकार दिलात. तो विषय मी इथे काढत नाही, आई येऊन बोलेल.

तुमची मोठी परात अजून आमच्याकडेच आहे. मी कालच आणून देणार होते, आईने थांबवलं. रिकामी द्यायची नाही म्हणते. रविवारी सकाळी ती स्वतः पुरणपोळ्या करणार आहे, तुम्हाला मऊ लागतात म्हणून कणीक रात्रीच भिजवून ठेवणार आहे. तेव्हा रविवारी स्वयंपाक करू नका. आम्ही दोघी बाराच्या आत येतो, आणि तुम्ही आधी बसायचंय.

तुमची,
गल्लीतली पोर