सिंत्रा राहिलं त्याबद्दल

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचं कळवायला फोन केला, तेव्हा तू पहिलं हेच विचारलंस की लिस्बनपर्यंत जाऊन जवळचं राजवाड्यांचं सिंत्रा का राहिलं. एवढी वेळापत्रकासकट यादी करून दिली, तिकिटं मोबाइलवर टाकून दिली आणि या तिघी मैत्रिणी भलतीकडेच फिरत बसल्या, असा तुझा सूर होता. मी ‘गुडघे’ म्हणाले आणि विषय मिटवला. बाबा शेजारीच बसले होते ना. गुडघ्यांचं कारण खोटं नाही, पण पुरेसंही नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी गुडघ्यांचंच सांगते. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात. ज्याने मोजल्या तो नक्की तरुण असणार. फुटपाथ सगळे चुनखडीच्या छोट्या छोट्या पांढऱ्या दगडांचे, एकेक हाताने बसवलेला. दिसायला सुरेख, पण उतारावर पावलांनी घासून असे गुळगुळीत झालेत की दादरची मावशी भिंत धरून आडवी चालत होती. त्यात शनिवारी सकाळी भुरभुर पाऊस. तुझ्या यादीतला सांता जुश्ताचा लोखंडी लिफ्ट (१९०२ सालचा, ४५ मीटर उंच) आम्ही रांग बघून खालूनच पाहिला. बांधकाम खात्यात उभा जन्म गेलेल्या बाईला खरं तर त्यापेक्षा फांकेरुश रस्त्यावरचा लिफ्ट जास्त आवडला. बाहेरून साधी इमारत, आत शिरायचं, बटण दाबायचं, वर निघायचं. थोडं चाललं की दुसरा लिफ्ट, आणि तुम्ही किल्ल्याच्या बऱ्याच जवळ. एक पैसा पडत नाही. म्हातारी माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन त्यातून घरी जातात. तुझ्या यादीत तो नव्हता. तुला कधी लागला नसेल.

उतारावर केबलने चालणारी ग्लोरियाची गाडी बंद होती. २०२५च्या ३ सप्टेंबरच्या त्या अपघातानंतर कोण चालवणार? दोन डबे एकाच केबलला बांधलेले, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो, दोघे एकमेकांचं वजन तोलतात. १८८५ सालची ही योजना, साधी आणि हुशार. पण केबल सुटली की तोलायला कोणी उरत नाही आणि मग नुसत्या ब्रेकवर एवढ्या उतारावर गाडी थांबत नाही. सोळा माणसं गेली. त्या रस्त्याच्या तोंडाशी आम्ही तिघी काही न बोलता थोडा वेळ उभ्या राहिलो आणि पुढे गेलो.

खालच्या सपाट भागात, बाइशात, मी मात्र रेंगाळले. १ नोव्हेंबर १७५५ला सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असताना भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आग, तीही कित्येक दिवस. त्यानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने हा भाग सरळ रेषांत नव्याने आखला आणि प्रत्येक इमारतीच्या भिंतीत आडव्या, उभ्या, तिरक्या लाकडांचा पिंजरा घालायला लावला. दगडी भिंत ढासळली तरी लाकडी सांगाडा हलून उभा राहावा, हा हिशोब. १९९३मध्ये किल्लारीला पुनर्वसनाच्या कामावर होते तेव्हा नुसत्या दगड-मातीच्या जाड भिंतींनी काय केलं ते मी पाहिलंय. त्यामुळे तिथे त्या घरांकडे बघत मी किती वेळ उभी होते, ते मैत्रिणींना विचार. दोघी कंटाळून साव दोमिंगुशच्या चौकात जाऊन जिंजा पिऊन आल्या. आंबट चेरीची दारू, टिचभर पेल्यात, सकाळी अकरा वाजता. मग मीही प्यायले. बाबांना माहीत आहे.

आता मूळ मुद्दा.

किल्ल्याकडे वर जाताना से कॅथेड्रलच्या शेजारी अल्झूब नावाची इमारत लागते. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम तिच्या अगदी दारावरून जाते. सगळे ट्रामचे फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्ही पाऊस टाळायला आत शिरलो. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतला राजकीय कैद्यांचा हा तुरुंग, २०१५पासून संग्रहालय. कोठड्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरता येत नाहीत. पर्वरीच्या मावशीला आईमुळे पोर्तुगीज बऱ्यापैकी कळतं. ती पाट्या वाचून सांगत होती आणि एका पाटीवर काशियाश हे नाव आलं.

हे नाव मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आलेय. तुझे आजोबा पंचावन्नच्या गोवा सत्याग्रहात गेले होते, हे तुला माहीत आहेच. पोर्तुगीज पोलिसांनी झोडपून हद्दीबाहेर काढून दिलं, एवढंच ते सांगायचे, आणि तेही कोणी खोदून विचारलं तर. पण मोहन रानड्यांबद्दल मात्र न विचारता बोलायचे, कारण दोघेही सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून रानडे गोव्यात शिरले, पोर्तुगीजांशी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, पंचावन्नच्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. सव्वीस वर्षांची शिक्षा. आधी आग्वादला, मग थेट लिस्बनजवळ काशियाशच्या किल्ल्यात. एकसष्टच्या १९ डिसेंबरला गोवा सुटला आणि रानडे तिकडेच राहिले! आपला आणि पोर्तुगालचा राजनैतिक संबंधच उरला नव्हता, बोलायचं कोणाशी? सुधीर फडक्यांनी इकडे त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. शेवटी १९६९च्या जानेवारीत ते सुटले. त्या बातमीचं कात्रण आजोबांच्या ट्रंकेत होतं. ते आता बाबांच्या कपाटात आहे.

मी रविवारी काशियाशला जायचं म्हटलं. दोघी ‘चल’ म्हणाल्या. सिंत्राचे राजवाडे तिथेच असणार आहेत.

काइश दु सुद्रेहून नदीकाठाने गाडी निघते. वाटेत बेलेमला उतरलो, कारण १८३७पासून चालणाऱ्या त्या दुकानातली पेस्ट्री न खाता परतले असते तर तू घरात घेतलं नसतंस. गरम खाल्ली, छान होती, पण एवढ्या रांगेची नव्हे. जेरोनिमोसच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी पाहिली. नदीकाठी दर्यावर्दींचं ते ५६ मीटरचं स्मारक आहे ना, १९६०चं, त्यावर गोवा जिंकणारा अल्बुकर्क आहे आणि सेंट फ्रान्सिस झेवियरही आहे. पर्वरीची मावशी झेवियरकडे बोट दाखवून म्हणाली, “हा आमच्याकडे असतो.” हे स्मारक उभं केलं तेव्हा रानडे कैदेत होते, आणि पुढच्याच वर्षी गोवा गेला.

काशियाशला उतरल्यावर समुद्रालगत एक छोटा किल्ला दिसला, आणि मी मनातल्या मनात हात जोडलेही. एका आजोबांनी हसून मागच्या टेकडीकडे बोट केलं: तो नव्हे, तो वरचा. पुन्हा चढण. वर भिंती, कुंपण, फाटक. तिथे आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता. याच तुरुंगातून एकसष्टच्या ४ डिसेंबरला आठ कैदी खुद्द सालाझारच्या वापरातल्या चिलखती गाडीत बसून फाटक तोडून पळाले होते. म्हणजे गोवा सुटण्याच्या पंधरा दिवस आधी. पहारेकऱ्याने आमच्याकडे दोनदा पाहिलं, तेव्हा आम्ही निघालो.

खाली स्टेशनवर गाडीची वाट बघताना पर्वरीच्या मावशीने सांगितलं की तिच्या भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. १९६१च्या १९ डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळतो. तो घेऊन भाऊ ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडला गेला, गोदामात राबला, घर उभं केलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती हे आम्हाला कधी बोलली नव्हती. दादरची मावशी तडकली. “आत्ता वर काय बघून आलो आपण? आणि ह्यांचा पासपोर्ट?” पर्वरीची शांत होती. म्हणाली, “गोवा आमचाच प्रांत, इथली माणसं आमचीच, असं ते म्हणत होते. म्हणूनच रानड्यांना बंडखोर ठरवून आत टाकलं. आणि त्याच म्हणण्यावर माझ्या भावाला पासपोर्ट दिला. त्यांनी इतकी वर्षं घेतलं, आम्ही एवढं परत घेतलं तर काय बिघडलं?” दादरची काही बोलली नाही. गाडी आली, तीही उलट्या दिशेची. आम्ही बसलो आणि कश्काइशला जाऊन सूप प्यायलो. दादरचीच्या सुपातला सॉसेजचा तुकडा पर्वरीचीने काढून आपल्या वाटीत घेतला, तेव्हा तह झाला असं मी धरलं.

सोन्या, मार्चमध्ये तू मला डच नागरिकत्वाच्या अर्जाबद्दल सांगितलंस आणि ‘बाबांना इतक्यात बोलू नकोस’ म्हणालास. मी बोलले नाही. त्या भावाबद्दल मी मावशीला रात्री हॉटेलात बरंच विचारलं. भारतीय पासपोर्ट परत केला तो दिवस त्याला सोपा गेला नाही. दाबोळीला उतरल्यावर परदेशी लोकांच्या रांगेत उभं राहायचं, हे त्याला अजून खटकतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, पण मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. गावच्या जत्रेला दरवर्षी येतो. हे सगळं तू वाचून ठेवलं असशीलच. तरी माणसाकडून ऐकलेलं वेगळं असतं म्हणून लिहिलं.

मला विचारशील तर, तुझं तिथलं काम, घर, पुढचं सगळं बघता तू अर्ज करावास असं मला वाटतं. बाबांना लागेल. आजोबांचं नाव निघेल, कात्रणही निघेल. पण आजोबांनी लाठ्या खाल्ल्या त्या कोणाच्या पासपोर्टच्या रंगासाठी नव्हेत, हे बाबांनाही कळतं; फक्त त्यांना ते तुझ्या तोंडून ऐकायचं असेल. फोनवर सांगू नकोस. डिसेंबरमध्ये येशील तेव्हा, दुपारी जेवण झाल्यावर, मी स्वयंपाकघरात असताना सांग. मी मध्ये पडणार नाही. हाक मारलीस तर येईन.

आणि पुढच्या खेपेला बाबांना घेऊन येते. लिस्बनच्या उत्तरेला पनिशला असाच एक किल्ला आहे. गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतल्या टी. बी. कुन्हांना तिथे कैदेत ठेवलं होतं. तिथे आता संग्रहालय आहे आणि आत जाता येतं. तिथली बस शोधून ठेव. वेळ उरला तर सिंत्रा.

येताना चीज आणू नकोस, सार्डिनचे डबे आण. मी आणलेले बाबांनी संपवले.

तुझी,
आई