आरोग्यमंत्री महोदय, फाइलवर वय लिहिता तशी ताकदही लिहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम घेते. त्यात ग्लिओब्लास्टोमाचे, म्हणजे मेंदूतल्या सगळ्यात आक्रमक गाठीचे, साठी-सत्तरीचे रुग्णही असतात. त्यांच्या उपचारांचा निर्णय ज्या कागदांवरून होतो, त्यांबद्दल हे पत्र आहे.

ऐरोलीचे एक काका ७४ वर्षांचे. ऑपरेशननंतरही स्वतः आंघोळ करायचे, सेक्टरच्या मार्केटमधून भाजी आणायचे, चार रुपये जास्त लावले तर भाजीवाल्याशी भांडायचे. त्यांच्या घरच्यांना सांगितलं गेलं, "वय झालंय, आता घरीच सांभाळा." कळव्याचे दुसरे काका ६६ चे. कमोडवरून उठताना दोघांनी धरावं लागायचं. वय 'बसत' होतं म्हणून त्यांना सहा आठवड्यांचं रेडिएशन लिहून दिलं. आठवड्यातले पाच दिवस सून आणि शेजारचा मुलगा त्यांना उचलून रिक्षात बसवायचे. चौथ्या आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि उपचार थांबले. दोन्ही फाइली मी चाळल्या. एमआरआय, बायोप्सी, वय, शुगर, बीपी, सगळं होतं. माणूस खुर्चीतून हात न टेकता उठतो का, हे कुठेच नव्हतं.

पर्याय नाहीत असंही नाही. साठीपुढच्या रुग्णांवर कॅनडात झालेल्या अभ्यासात (२००४) सहा आठवड्यांचं ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप) आणि तीन आठवड्यांचं ४० ग्रे रेडिएशन यांत जगण्याच्या काळात म्हणावा असा फरक दिसला नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात वयस्कर किंवा अशक्त रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा दिलेलं २५ ग्रे तीन आठवड्यांच्या कोर्सपेक्षा कमी पडलं नाही. याउलट ६५ च्या पुढच्या रुग्णांना तीन आठवड्यांच्या रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या दिल्यावर निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ ७.६ वरून ९.३ महिन्यांवर गेला (२०१७). म्हणजे ऐरोलीच्या काकांना काहीतरी देण्यासारखं होतं आणि कळव्याच्या काकांची निम्मी फरफट वाचली असती. कुणाला काय, हे जन्मतारखेवरून कसं ठरणार?

त्यासाठी नवं मशीन लागत नाही. वयस्कर कॅन्सर रुग्णांची ताकद जोखणारी 'जी-८' म्हणून आठ प्रश्नांची चाचणी आहे, १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले की सविस्तर तपासणी करायची. अशक्तता मोजणारी, एक ते नऊ पायऱ्यांची क्लिनिकल फ्रेल्टी स्केल आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला किती सेकंद लागतात, ते मोजायला घड्याळ पुरतं. प्रशिक्षित नर्स किंवा फिजिओ हे अर्ध्या तासाच्या आत उरकू शकतात.

मात्र मेंदूच्या गाठीत हे गुण डोळे झाकून घेता येत नाहीत, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. गाठीची सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने भूक आणि वजन वाढतं, त्यामुळे आहाराच्या प्रश्नांत रुग्ण ठणठणीत वाटतो. त्याच गोळीने मांड्यांचे स्नायू झिजतात. चेहरा गोल, घरचे खूश, आणि मी उठायला सांगते तर माणूस खुर्चीचे हात सोडायला तयार नाही. ज्याची वाचा गेली आहे त्याला आठवणीचे प्रश्न विचारून 'विसरभोळा' ठरवणं तर अन्यायच. काही रुग्णांची अशक्तता गाठीच्या सुजेमुळेच असते. ती उतरली की आठवड्याभरापूर्वी पडून असलेला माणूस काठी घेऊन फिरतो. म्हणून तपासणी दोनदा हवी: एकदा दाखल होताना, एकदा सूज उतरल्यावर, उपचार ठरवायच्या आधी.

आता मागणी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डावर मेंदूच्या कॅन्सरसाठी मंजुरी मागताना, ६५ वरच्या रुग्णांच्या फाइलीत या तपासणीचं एक पान सक्तीचं करा. त्या पानावरून मंजुरी नाकारता येणार नाही, हेही त्याच आदेशात लिहा. नाहीतर खर्च वाचवायची सोय म्हणूनच ते वापरलं जाईल. सरकारी कागदाचं काय होतं ते आपल्याला मी सांगायला नको. गुण कमी आले तर व्यायाम, आहार आणि चालू गोळ्यांची छाननी योजनेच्या खर्चात धरा. लहान कोर्स निवडणाऱ्या रुग्णालयाचं पैशात नुकसान होत नाही ना, हे दर ठरवताना पाहा.

शिकवायला माणसं दूर शोधावी लागणार नाहीत. परळला टाटा रुग्णालयात ज्येष्ठ कॅन्सर रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे, त्यांचंच अॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार-संशोधन केंद्र खारघरला आहे. कळव्याच्या आणि वाशीच्या पालिका रुग्णालयांतल्या नर्सना तिथे पाठवा. सुरुवात ठाणे जिल्ह्यापासून करणार असाल तर घरी जाऊन खुर्चीची चाचणी घ्यायला आमच्यासारखे फिजिओ तयार आहेत. नोंदीचा नमुना तेवढा द्या.

आपली,
ऐरोलीतील एक फिजिओथेरपिस्ट