अळंबी विकणाऱ्यांना हटवू नका, हिरवळीकडे पाहा

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर अळंबी विकायला येते. विषबाधेच्या धास्तीने ही विक्री बंद करण्याचा विचार कधी झालाच, तर आधी एवढे पाहावे.

वारुळावरच्या मोठ्या अळंबीची खूण मातीखाली असते. तिचा देठ मुळासारखा लांब होऊन वारुळात उतरतो. बुंधा छाटला की खूण गेली. म्हणून ही अळंबी मुळासकटच विकावी, एवढा नियम पुरे. देठाच्या तळाशी फाटक्या पिशवीसारखे आवरण दिसले तर ती टाकून द्यावी. अमानिटा गटातल्या जीवघेण्या अळंब्यांना ते असते.

खरा धोका बाजारापेक्षा गृहसंकुलांच्या आणि पालिका उद्यानांच्या हिरवळीत आहे. तिथे उगवणाऱ्या क्लोरोफायलम या विषारी अळंबीची टोपी बशीएवढी पांढरी, वर तपकिरी खवले, देठावर कडे. टोपीखालची पाती कोवळेपणी पांढरी असतात, मागाहून हिरवट होतात. फसगत होते ती इथेच. देठ कापून टोपी पाती खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवावी, वर वाटी झाकावी. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो. क्लोरोफायलमचा हिरवट असतो. मात्र ठसा हिरवा नाही म्हणून अळंबी खाण्याजोगी ठरत नाही: अमानिटाचा पांढरा येतो, आणि विषारी एन्टोलोमाचा वारुळावरच्या अळंबीसारखाच गुलाबी.

नुसत्या स्पर्शाने विष भिनत नाही, हे माळ्यांना सांगावे. टोपी उघडण्याआधी बुंध्यासकट उपटून बंद पिशवीत टाकावी, हात धुवावेत. वरून औषध फवारून भागत नाही, बुरशीचे जाळे मातीत असते. रांगती मुले दिसेल ते तोंडात घालतात, त्यामुळे हे काम सकाळीच उरकलेले बरे.

जागृतीचे फलक लावाल तर चांदीचे नाणे, लसूण, हळद काळी पडण्याच्या 'चाचण्या' कृपया छापू नका. अमानिटातले अमाटॉक्सिन हे विष यांतल्या कशानेही कळत नाही आणि शिजवूनही जात नाही.

कळव्याच्या रुग्णालयात पहिला प्रश्न हा असावा: खाल्ल्यावर किती तासांनी उलट्या सुरू झाल्या? क्लोरोफायलमने त्या सहसा 1 ते 3 तासांत होतात. 6 तास उलटून सुरू झाल्या तर अमाटॉक्सिन धरूनच चालावे. यात दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत ढासळते. बरे वाटते म्हणून घरी सोडू नये, यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्यात. लवकर उलट्या झाल्या तरी गाफील राहू नये, एकाच कालवणात दोन जाती असू शकतात. उरलेली अळंबी नातेवाइकांकडून कागदी पिशवीत मागवावी. प्लॅस्टिकमध्ये ती सडते, मग ओळख पटत नाही.

आपले,
ठाण्यातील बुरशी अभ्यासक