कूलर बंद करणाऱ्या भाऊंना

लघुपटाच्या प्रचारासाठी मेहरूण तलावाकाठी कलाकारांच्या मुलाखती घेतल्या. घरी ऐकतो तर कॉलर माइकचा आवाज तुटलेला, कॅमेऱ्यात नुसता वारा. त्यातल्या एका आजींचं झकास अहिराणी बोलणं पार गेलं. जळगावात लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका भाऊंनी ओळखपाळख नसताना आजींना आपल्या दुकानातच पुन्हा बसवलं. मे महिन्यातली जळगावची दुपार! तरी घरघर नको म्हणून त्यांनी कूलर, पंखा दोन्ही बंद केले. स्वतः घामाने निथळत, हेडफोन लावून, आजींना पुठ्ठ्याने वारा घालत होते, तोही बिनआवाजाचा. मग लग्नाचं काम बाजूला ठेवून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला वाजवलेल्या टाळीच्या ठोक्यावर चित्र आणि आवाज जुळवून दिला. पैसे विचारले, तर "पिच्चर दाखवा" म्हणाले. भाऊ, मनापासून आभार. शनिवारी कॉलेजात नक्की या, आजींचाच निरोप आहे.