आबांच्या वहीतली आडवी रेघ

खानापूर,
रविवार रात्र

प्रिय दत्ता,

आषाढापासून तुला पत्र नाही, त्याची चुटपुट आहेच. आईचा गुडघा तसाच, बाकी घरी ठीक. तुझ्या आबांची पावसाची वही काल कॉम्प्युटरवर चढवून झाली. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मी पायथॉन ही कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा शिकतोय. हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या फायली मिळतात, पार १९०१ पासूनच्या. नेटसीडीएफ नावाच्या प्रकारातल्या; अक्षांश, रेखांश आणि तारीख धरून आकडे रचलेले. अशा फायली वाचणाऱ्या पायथॉनच्या एक्सअरे या साधनाला आबांच्या कणकुंबीची, मलप्रभेच्या उगमाची जागा सांगितली की जवळचा बिंदू शोधून पाऊस पुढ्यात ठेवतं. पहिला आलेख उमटला तेव्हा मी एकटाच ओरडलो बघ! पण शेजारी आबांचे आकडे काढले आणि जीव खालीवर व्हायला लागला.

फाईलमधला चौकोन पाव अंशाचा, म्हणजे बाजू साधारण २७ किलोमीटर. तेवढ्यात आपल्याकडं पावसाचं रूपच पालटतं, हे तुला सांगायला नको. घाटमाथ्यावरचा धिंगाणा आणि अलीकडच्या रानातली रिपरिप एकाच आकड्यात मिसळते. म्हणून आबांचा जुलै उंच, फाईलचा बुटका. इथली पोरं म्हणतात, आलेख छापून पंचायतीत लावूया. मलप्रभेच्या उगमाचा पाऊस म्हणून तो बुटका आकडा एकदा भिंतीवर गेला की तोच खरा, आणि आबांची वही खोटी. ते मी होऊ देणार नाही.

तारखेवरनं तुमचं झालेलं भांडण आठवतं? "काल पडलेला पाऊस आजच्या तारखेला का लिहिता?" म्हणून तू हटून बसलास आणि आबांनी तुला पडवीतनं हाकललं. आबाच बरोबर होते लेका! खातंही सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजून त्याच तारखेवर टाकतं. नासाच्या आयमर्गमध्ये, म्हणजे उपग्रहांवरनं काढलेल्या पावसाच्या आकड्यांत मात्र दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री उलटतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. मग अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे घेऊन साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज नव्यानं केली. तेव्हा कुठं मोठ्या पावसाचे दिवस आबांच्या दिवसांवर येऊन बसले. तू हरलास, चहा तुझ्याकडं लागू!

आता खरा घोर. वहीत मधेमधे आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ आहे. ती रेघ म्हणजे कोरडा दिवस, की आबा गावाला गेलेले? कोरडा असेल तर शून्य भरायचं. मोजलाच नसेल तर जागा रिकामी सोडायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात दोन दिवसांचं पाणी आहे असं धरायचं. खातं अशा जागी उणे ९९९ लिहून ठेवतं, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. पांडाज हे पायथॉनचं तक्त्यांची आकडेमोड करणारं साधन मात्र बेरजेत रिकामी जागा गुपचूप वगळतं. ते पाणी पुढच्या आकड्यात आलं नसेल तर महिना कमी पावसाचा दिसतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. रेघा भर जुलैतल्या आहेत रे. त्या मी अंदाजानं कशा भरू? एवढ्या पावसात रोज छत्री धरून पर्जन्यमापकाशी जाणाऱ्या माणसाच्या आकड्यात माझा अंदाज घुसवायचा?

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीला दहावीबद्दल शाबासकी दे, वहिनींना नमस्कार.

२०१९ ची, महापुराच्या वर्षाची वही तुझ्याकडंच असणार. तिच्या जुलै-ऑगस्टच्या पानांचे फोटो पाठव. आणि काकींना विचार, आबा पंढरपूरला जायचे तेव्हा मापक कोण बघायचं? तुला बघायला सांगितलेलं असेल, तर तू खरंच बघायचास का, तेही कळव. पोरांना मी पुढच्या रविवारपर्यंत थांबवून धरतो.

तुझा,
सुरेश