जुनी पिकअप देऊन टाकण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गोठ्यामागे उभी असलेली जुनी जीप पिकअप भंगारात द्यावी का, असे बाबांनी फोनवर विचारले, तेव्हा मी ‘कळवते’ एवढेच म्हणाले. आता सविस्तर लिहिते.

बाबा, ती गाडी तोट्यातच गेली, असे तुम्ही नेहमी म्हणता. मला ते पटत नाही. द्राक्षांच्या हंगामात हौद्यात गवत अंथरून, त्यावर पेट्या रचून आणि ताडपत्री आवळून तुम्ही पहाटेच निघत असा. हळदीचे दिवस आले की पॉलिश झालेली पोती घेऊन कवठेएकंद, कवलापूर, बुधगावमार्गे सांगलीच्या मार्केट यार्डात जात असा, आणि मग कितीही झाडला तरी हौदा पिवळाच राही. बॅटरीचा भरवसा नसल्याने गाडी रात्री उतारालाच लावलेली असे. एकदा डिझेल संपून इंजिनाने हवा धरली, तेव्हा तुम्ही नळीचा नट सैल करून हातपंप मारत होता आणि बुडबुडे थांबेपर्यंत मी टॉर्च धरून उभी होते. डिझेल इंजिन कसे चालते हे मला कॉलेजात शिकवले, पण कळले होते ते त्या रात्रीच.

परतीच्या फेरीत मात्र गाडी आपली नसे. कुणाचे खत, कुणाचे पत्रे, कुणाच्या मुलीचे रुखवत, आणि अडल्या वेळी तासगावच्या दवाखान्यात न्यायची बाळंतीण. दसऱ्याला कवठेएकंदची आतषबाजी पाहायला निम्मी वस्ती हौद्यात बसे (आज पोलीस तसे जाऊ देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे). भाड्याची वही आईकडे होती. आजारपणाच्या फेरीपुढचा रकाना ती कोराच ठेवायची, आणि बाबा, तुम्हीही त्याबद्दल कधी विचारले नाही. तुमचा तोटा बहुतेक त्या रकान्यांतला आहे. तो मी तोटा धरत नाही.

२००५ मध्ये टाटांचा छोटा हत्ती बाजारात आला, पुढे ज्याच्या-त्याच्या दारात गाडी झाली आणि आपल्या पिकअपला काम उरले नाही. आता तिचा तळ गंजला आहे, ब्रेक धरत नाहीत, आणि नातवंडे तिच्यात खेळतात, ही मला खरी काळजी आहे. तेव्हा माझ्या आठवणींखातर ती ठेवू नका, देऊन टाका.

मात्र गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि सांगलीच्या आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर आपला एमएच १० चा नंबर उद्या दुसऱ्याच गाडीवर लागला, तर निस्तरणे आपल्याकडे येईल. आरसी बुक बहुधा आईच्या ट्रंकेत, त्या वहीखालीच असेल.

तुमची लेक