पाच गेल्या, सात आहेत

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, दर रविवारी फोनवर तू विचारतेस, "माझी पोरं कशी आहेत?" आणि मी "मजेत" म्हणून विषय बदलते. आज खरं ते लिहिते. फोनवर सांगायला गेले असते तर तू मला मध्येच थांबवलं असतंस.

जुलैत तुझ्या हायड्रेंजियाच्या झुडपाच्या बारा फांद्या ओल्या कागदात गुंडाळून आणल्या. दोन-दोन पेरांच्या, खालची पानं काढून, वरची अर्धी कापून, तू दाखवलंस तशाच लावल्या. महिनाभरात बाराही जणींनी मुळ्या धरल्या. थंडीत बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना भोवतालच्या मातीची ऊब असते, कुंडीतला मूठभर गोळा मात्र चहूबाजूंनी गोठतो. म्हणून आत घेतल्या, आणि तिथेच मी माती खाल्ली.

पाच कुंड्या लाडाने हॉलच्या खिडकीत ठेवल्या, खाली हीटर. त्यांना वाटलं, वसंत आला. डिसेंबरातच डोळे फुटले आणि पिवळट, सुतासारखे कोंब काचेकडे धावले. वर दिवा लावून रोज चौदा-सोळा तास उजेड दिला असता, तर कदाचित तगल्याही असत्या. पण कोरड्या हवेत पानांखाली कोळी ही कीड झाली, बारीक जाळी दिसायला लागली. पानं माना टाकताहेत म्हणून मी घाबरून पाणी वाढवलं. मुळं कुजली. पाचही गेल्या.

बाबा, आता हसा. उरलेल्या सात कुंड्या आळसाने गॅरेजमध्ये सारल्या होत्या, त्या शाबूत आहेत. तिथे हीटर नाही. थर्मामीटर ४-५ अंशांवर असतो, कडाक्याच्या रात्री २. सगळी पानं पिवळी होऊन गळली, नुसत्या काड्या उरल्यात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही धसकले होते, पण हायड्रेंजिया थंडीत अशीच झोपते. पानंच नाहीत, म्हणून अंधारही चालतो. गळलेली पानं तेवढी उचलते, नाहीतर राखाडी बुरशी येते. पाणी दोन-तीन आठवड्यांनी, तेही कुंडी उचलल्यावर हलकी लागली तरच, घोट-दोन घोट. खत बंद.

काल एकीची साल नखाने जराशी खरवडली. आत ओलं, हिरवंगार. टोकाला समोरासमोर दोन डोळे, तांदळाएवढे, जांभळट. कात्री लावायला हात शिवशिवतो, पण तुझ्या झाडाची जात आदल्या वर्षीच्या काडीवर फुलते, म्हणून टोकं तशीच ठेवलीत.

बाहेर काढायचीही घाई करणार नाही. रात्री दहिवर गोठायचं थांबलं, की आधी सावलीत, रोज थोडा-थोडा वेळ, असे आठ-दहा दिवस. यंदा फुलं मागू नकोस. पुढे आलीच, तर तुझ्यासारखी निळी नसतील. इथली माती चुन्याची, तिच्यातलं अॅल्युमिनियम मुळांना मिळत नाही, म्हणून गुलाबी. (बाबा, मातीच्या आम्लतेचं, पीएचचं व्याख्यान फोनवर. मी ऐकेन.)

तुमची,
धाकटी

ता. क. सातवीचं अजून नक्की नाही. वर खरवडलं तर तपकिरी निघालं. खाली मातीजवळ खरवडून बघायचा धीर होत नाहीये.